दोनशे टक्क्यांचं भांडण

वनिताबाईंनी कूलरचं गवत आणायला सांगून बराच वेळ झाला, तरी सरपंच विलासराव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. ऊन असं, की पंख्याखाली बसावं तर पंखाच गरम हवा अंगावर ओतत होता. पण सरपंचांना त्याचं काही नव्हतं. सरकारनं तालुक्यातल्या उद्योगधंद्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली होती आणि तिच्यात त्यांना आपल्या गावाची ओळ सापडली होती.

"अगं, हे बघ! कूलर बनवणं. मागच्या पाहणीत उद्योग एक, या पाहणीत तीन. वाढ दोनशे टक्के! ना उमापूरची एवढी, ना चकलांब्याची."

"आवो, पण ते तीन कोण?"

"युसूफ, मुबीन आन् शहेबाज."

वनिताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "सख्खे भाऊ हायेत ते! बाप गेल्यावर बोर्डावर कुणाचं नाव वर लिवायचं, यावरून भांडले आन् एका दुकानाची तीन केली. वाढलं काय? मधल्या दोन भिंती!"

"सरकार भिंती मोजत न्हाई. तुला न्हाई कळायचं त्यातलं."

खरं तर न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या युसूफनं पत्रा कापायचं मशीन घेतलं, मधल्या मुबीननं मोटारी आणि पंखे, आणि धाकट्या शहेबाजच्या वाट्याला गवत आणि पाण्याचे पंप आले. तेव्हापासून ज्याला कूलर हवा त्यानं तीन उंबरे झिजवायचे. त्यात तिघांचं बोलणं बंद, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला ठाऊक नाही. गिऱ्हाईक शेवटी वैतागून गेवराईहून तयार कूलर घेऊन यायचं. पाहणीला आलेल्यांनी दुकानं किती ते विचारलं होतं. कूलर किती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

विलासरावांनी मात्र जिल्ह्याला जाऊन अर्जही टाकला. उद्योगवाढीत पहिल्या येणाऱ्या गावाला ढाल मिळणार होती. ती ढाल एकदा हातात आली, की येत्या निवडणुकीत आपल्यासमोर उभा राहतो कोण, तेच बघायचं होतं त्यांना. अट एवढीच, की अधिकारी येऊन उद्योग डोळ्यांनी बघून जाणार. सोमवार ठरला. ग्रामपंचायतीच्या भिंतीत विलासरावांनी ढालीसाठी खिळासुद्धा ठोकून घेतला.

आणि नेमकं तेव्हाच सायराबीच्या मनानं घेतलं, की पुरे झालं आता. सायराबी म्हणजे या तिघांची आई. बिचारीला आळीपाळीनं तिघांकडं जेवावं लागे, आणि एकीकडची भाजी चांगली झाली असली, तरी दुसरीकडं सांगायची चोरी. येत्या शुक्रवारी तिघांना एकाच दस्तरखानावर बसवायचं तिनं ठरवलं. ही बातमी कळताच विलासराव एका पायात चप्पल घालून आणि दुसरी हातात धरून तिच्या दारात हजर.

"चाची, या शुक्कारी पोरांना जेवायला नका बोलवू."

"कावून?"

"सोमवारी तपासणीला मॅडम येणार हायेत. तवर वायलेच ऱ्हाऊ द्या. मंगळवारी मिटवू. मी सोता येतो मिटवायला."

"या अल्ला! लोक भांडण मिटवायला सरपंचाकडं जातेत, आन् तू टिकवायला आलास व्हय?"

"गावासाठी, चाची. फकस्त गावासाठी."

म्हातारी "बरं" म्हणाली. एवढ्या लगेच म्हणाली, की दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. पण विलासरावांचा स्वतःवर भारी विश्वास. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. शनिवारी शहेबाज मुबीनच्या दुकानासमोर घुटमळताना दिसला. त्याला पाना उसना हवा होता. उद्या पाना मागेल, परवा चहा पितील, झालं मग! विलासरावांनी तडक बाजारात जाऊन स्वतःच्या खिशातून त्याला नवाकोरा पाना आणून दिला.

सोमवारी धनश्री मॅडम आल्या. तिन्ही दुकानांना हार, मधे विलासरावांचा फोटो असलेला फ्लेक्स. मॅडमनी सगळं बघितलं आणि रुमालानं घाम टिपला. "छान आहे. आता एक कूलर लावा बघू. फार उकडतंय."

"कूलर?" विलासरावांचा चेहरा उतरला.

"तीन कारखाने आहेत ना कूलरचे? एक तरी चालू असेलच."

इलाज नव्हता. युसूफनं बॉडी आणली, मुबीननं पंखा आणला, शहेबाज गवत घेऊन आला. पंखा काही बॉडीत बसेना.

"सरपंच, त्याला सांगा, पंखा मोठा हाय," युसूफ म्हणाला.

"सरपंच, त्यांना सांगा, भोक ल्हान पाडलंय," मुबीन म्हणाला.

सरपंच दोन पावलांवरचे निरोप इकडून तिकडं पोचवत होते. तेवढ्यात मुबीनच्या हातातून पंखा निसटला आणि तो ओरडला, "भाई, धर!" युसूफनं झेप घेऊन धरला. दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. मग शहेबाजला हसू फुटलं, आणि त्याचं बघून दोघांनाही. पुढं कुणी कुणाला निरोप धाडला नाही. युसूफनं पत्रा कापला, मुबीननं पंखा कसला, शहेबाजनं गवत भरून पंप सोडला, आणि कूलर असा सुटला, की मॅडमचे कागद उडाले.

"चला जेवायला, तिघंबी!" मागून आवाज आला. सायराबी सकाळपासून डेग चढवून बसली होती. "आन् बोर्डावर माझं नाव लिवा. सायरा कूलर. बघते कोण भांडतंय ते."

"भिंती उद्या पाडू, अम्मा," युसूफ म्हणाला.

"उद्या कावून?"

मुबीननं घण उचलला.

"म्हणजे उद्योग एकच का हो, सरपंच?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम! अजून भिंती हुब्या हायेत, तुमी लिवून घ्या!" विलासराव सांगत होते, तोवर पहिली वीट खाली आली.

"तीनाचा एक. घट सदुसष्ट टक्के. तालुक्यात शेवटून पहिले आलात."

"पण एका उद्योगातली माणसं बघा की! आधी एक होता, आता तीन! ही दोनशे टक्के वाढ न्हाई का?"

"ढाल त्या रकान्याला नाही मिळत," मॅडम हसून म्हणाल्या, सायराबीच्या हातचं पोटभर जेवल्या आणि ढालीचं नावही न काढता निघून गेल्या.

दुसरा कुणी असता, तर चार दिवस घराबाहेर पडला नसता. विलासराव संध्याकाळीच राधाकिशनच्या तेलघाण्यावर गेले. आत त्याची दोन्ही पोरं मिळून करडईची पोती उतरवत होती.

"राधाकिशन, पोरांचं बरं चाललंय ना?"

"लई बरं, सरपंच. एका ताटात जेवतेत अजून."

विलासरावांनी लांब सुस्कारा सोडला आणि पायरीवर बैठक मारली.

"मग धाकट्याचं लगीन कधी करतूस?"

सरपंचांनी स्थळ आणलंय असं वाटून राधाकिशननं आत जास्त दूध घालून चहा टाकायला सांगितला.