सुनेच्या गळ्यातला हलवा

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी संक्रांत रविवारी आली होती आणि त्याच्या पुढच्याच रविवारी, नाहूरच्या एका सोसायटीच्या गच्चीवरच्या हॉलमध्ये, पस्तीस बायकांच्या देखत एका सासूने नव्या सुनेच्या गळ्यातला हार तोडला. आणि खाल्ला!

सासूचं नाव नलिनी घाडीगावकर. वय सत्तावन्न. बाई भांडखोर नव्हे, खादाड तर मुळीच नव्हे. सगळं घडलं ते एका कमरपट्ट्यापायी.

कमरपट्टा चांदीचा, मालवणचा, बरोबर बत्तीस इंची. घाडीगावकरांच्या घरात रीतच होती. सुनेच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूने तो आधी स्वतः घालायचा, सुनेला कुंकू लावायचं, आणि मग आपल्या कमरेचा काढून सुनेच्या कमरेला बांधायचा. आता मुलाचं, सुशांतचं, लग्न ठरलं तेव्हा, म्हणजे आदल्या गणपतीत, नलिनीने कपाटातून कमरपट्टा काढला आणि घालून पाहिला. आकड्याचं एक टोक बेंबीच्या उजवीकडे, दुसरं डावीकडे. मधे साडेतीन इंच नुसतं पोट!

"संक्रांतीपर्यंत हे पोट आत गेलं नाही ना, तर नाव बदलून टाकेन!" तिने आरशापुढे उभं राहून जाहीर केलं.

"नाव बदल, पोट राहू दे," तिचे यजमान काशीरामराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "पोट गेलं तर टोचशील कुठे?"

त्यांचंही खरं होतं. नलिनीला बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस. म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतच नाही, रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं, आणि टोचायची जागा पोट. सुरुवात झाली सत्त्याहत्तर साली, लालबागला. वडील गिरणीत. त्या वेळी काचेची सिरिंज सकाळच्या चहाआधी पातेल्यात उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची, आणि परीक्षानळीत लघवी तापवून रंग बघायचा. निळा आला, म्हणजे साखर नाही, तर आई देवापुढे साखर ठेवायची. विटकरी आला की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

एकोणनव्वद साली नलिनीची स्वतःची पहिली संक्रांत झाली. काळी चंद्रकळा, कमरेला हाच कमरपट्टा, आणि अंगावर हलव्याचा एकही दागिना नाही! सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, "साखरेची पेशंट ती. तिका साखरेचे दागिने कित्याक?" जणू हार गळ्यात पडला की साखर कातडीतून आत झिरपणार! तो फोटो अजून अल्बममध्ये आहे. नवी नवरी, आणि गळा रिकामा.

म्हणून या खेपेला सगळं रीतसर, डौलात व्हायला हवं होतं.

डॉक्टर मानसीने आधीच बजावलं होतं. "काकू, सावकाश. महिन्याला अर्धा इंच उतरला तरी खूप. चालायच्या दिवशी डोस किती घ्यायचा ते मला विचारून. डोस घेऊन जेवण उडवायचं नाही. आणि जवळ साखर हवीच."

नलिनीने मान डोलावली आणि बागेत दहा फेऱ्या सुरू केल्या. पण टाइप वनची गंमत अशी, की आठव्या फेरीला साखर उतरायची, हात थरथरायचे, आणि बाकावर बसून संत्र्याच्या चार गोळ्या चघळाव्या लागायच्या. चालून जाळायचं आणि बसून भरायचं! तरी नेटाने जानेवारीपर्यंत पोट अडीच इंच उतरलं. उरला एक.

त्या एका इंचासाठी नलिनीने घोषणा केली, "यंदा आपल्याकडे बिनसाखरेची संक्रांत. माझ्या घरात साखरेचा दाणा सापडणार नाही!" साखर, गूळ, मध, सगळं वाटून टाकलं. तिळाच्या वड्या शुगर फ्री पावडरीच्या. सोसायटीत कौतुक झालं. पर्समध्ये मात्र संत्र्याच्या गोळ्यांची डबी होती. ती म्हणजे तिचा जीव. हे काशीरामरावांना ठाऊक, सुशांतला ठाऊक.

दीड महिन्यापूर्वी घरात आलेल्या ऋतिकाला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तो रविवार उजाडला. नलिनीने सकाळी दहाच्या जागी पंधरा फेऱ्या मारल्या. पोलक्याची बाही चढवताना दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर उपटून निघाला. नवा लावायचा तर सुरू व्हायला तास जातो. "राहू दे, एका संध्याकाळचा प्रश्न आहे." धावपळीत जेवायला साडेतीन वाजले. दोन पोळ्या आणि भात खायचा म्हणून तेवढं इन्सुलिन टोचलं, पानावर बसली, आणि समोर भिंतीला टांगलेला कमरपट्टा दिसला. भात बाजूला सारला. दीड पोळी बाजूला सारली.

हळदीकुंकू बायकांचं, तेव्हा पुरुष घराबाहेर. निघताना काशीरामरावांनी दारातून विचारलं, "साखर जवळ आहे ना?"

"आहे हो पर्समध्ये! जा आता मुलुंडला, आणि आठशिवाय तोंड दाखवू नका!"

पाच वाजता हॉल भरला. ऋतिका मधोमध पाटावर. काळी साडी, आणि अंगावर नखशिखांत पांढरा शुभ्र हलवा! मुकुट, हार, बांगड्या, बाजूबंद, कानातले. तिच्या आईने, बोरिवलीच्या सुगंधाबाईंनी, दोन महिने शेगडीसमोर बसून पाकाचा थेंब थेंब सोडत हा हलवा स्वतः केला होता. एकेका दाण्याला काटा कसा, तर फणसासारखा! सुगंधाबाई लेकीपाशी उभ्या राहून येईल तिला तेच सांगत होत्या.

भिंतीकडेच्या खुर्चीत सोनूबाई बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. भांडुपच्या चाळीपासूनच्या शेजारीण. "मला कुंकू नको गं नलू, हे आपलं न्हाय. मी गप्पांना आले," म्हणून दरवर्षी यायच्या.

नलिनीने खोल श्वास घेतला, पोट पाठीच्या कण्याला टेकवलं, आणि आकडा लागला! टाळ्या पडल्या. तिने बायकांना बिनसाखरेच्या संक्रांतीवर दहा मिनिटांचं भाषण दिलं. "साखर म्हणजे विष! मला बघा!"

बायकांनी बघितलं. नलिनीच्या कपाळावर घाम फुटला होता.

ओठ झिणझिणले. ही खूण पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीची. साखर वाढली तर डॉक्टर ओरडतात. साखर उतरली तर कुणाला ओरडायला वेळ मिळत नाही. घाबरायचं मात्र कारण नव्हतं. तिने हळूच पर्स उघडली, चार गोळ्या तोंडात टाकल्या आणि पंधरा मिनिटं वाट बघितली. हातातली कुंकवाची कुयरी थरथरायला लागली. आणखी तीन टाकल्या. काहीच नाही! उलट समोरच्या बायका कुणीतरी पाण्यातून दाखवाव्यात तशा हलायला लागल्या.

तिने डबीतला कागद डोळ्यांशी धरला. शुगर फ्री.

"आई, कळलं वाटतं तुम्हाला!" ऋतिका पाटावरून वाकून कुजबुजली, लाडात. "मी बदलल्या परवा. तुम्ही गुपचूप गोड खाता ते बघितलं होतं मी. म्हटलं, एवढी मेहनत घेताय, वाया नको जायला ना!"

नलिनीच्या पोटात खड्डा पडला. कमरपट्टा तरी सैल व्हावा, तोही नाही!

तिळाची वडी? शुगर फ्री. चहा? बिनसाखरेचा. घरात? दाणाही नाही, आणि तसं तिनेच सगळ्या सोसायटीला सांगितलेलं. एखादीला हाक मारून "जरा साखर आण गं" म्हणायचं होतं. पण आत्ताच विषावर भाषण झालेलं! ती एक मिनिट लाजली. त्या एका मिनिटात शब्द हरवले. जीभ जड झाली, काशीरामरावांचा नंबर आठवेना, हॉलचं दार कुठल्या बाजूला तेही आठवेना.

आणि मग तिला सून दिसली. डोक्यापासून मनगटापर्यंत साखर!

नलिनी पुढे झाली. सगळ्यांना वाटलं, सुनेला जवळ घेतेय. फोटो काढायला मोबाइल वर झाले. नलिनीने दोन्ही हातांनी हार धरला, ओढला, आणि तोंडात घातला.

"अगं बाई!"

"हार तोडला! सासूने नवरीचा हार तोडला!"

"आई, काय करताय? लागतंय मला!" ऋतिका मागे सरकली. नलिनी हारासकट तिच्यामागे. पहिला घास पदकाचा निघाला, नुसता पुठ्ठा आणि जर! तिने तो थुंकला आणि पुढचे दाणे धरले.

"विहीणबाई!" सुगंधाबाई किंचाळल्या. "अहो, शुगर आहे ना तुम्हाला? सोडा ते! धरा गं त्यांचे हात! मरतील बाई खाऊन!"

चार बायकांनी हात धरले. कुणी चांगल्या मनाने नलिनीच्या तोंडात बोट घालून दोन दाणे बाहेरही काढले! नलिनीने तिला चावा घेतला. जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं त्या नलिनीने! ऋतिका रडत पाटाभोवती पळतेय, मागे नलिनी, तिच्या दोन्ही हातांना चार बायका लोंबतायत, आणि कमरपट्ट्याची घुंगरं खणखणतायत. तिसऱ्या फेरीला आकडा ताडकन उडाला आणि नलिनी गुडघ्यांवर बसली. डोळे उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हते.

फोटोसाठी वर झालेले मोबाइल खाली आले.

तेवढ्यात भिंतीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. "सोडा तिला! अक्कल हाय का न्हाय?" सोनूबाई उभ्या राहिल्या होत्या. "साखर चढली न्हाय तिची, उतरलीय! चाळीत धा वेळा बघितलंय मी. साखर घाला तोंडात, न्हायतर जाईल ती! ए पोरी, बघत काय बसलीस? तुझ्या अंगावर हाय ना किलोभर!"

माणिक नावाची शेजारीण साखर आणायला धावली. लिफ्ट तळमजल्यावर होती.

ऋतिका फरशीवर बसली, मनगटातली बांगडी काढली, दोऱ्यातून दाणे ओढले आणि सासूच्या दातांमागे एकेक ठेवायला लागली. "चावा आई. चावा ना. गिळा." एक बांगडी संपली. दुसरी काढली. बाजूबंद काढले. सुगंधाबाई तोंडावर पदर धरून दोन महिन्यांची मेहनत विहिणीच्या पोटात जाताना बघत होत्या. मधेच भानावर येऊन त्यांनी लेकीच्या कानातले स्वतः काढले आणि पुढे केले. "हे मोठे आहेत. यात जास्त आहे," म्हणाल्या आणि हुंदका दिला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तीही सगळ्यांना ऐकू आली. ऋतिका सासूचा हात चोळत होती आणि "मी बदलल्या गोळ्या, मी बदलल्या" एवढंच पुटपुटत होती.

मग नलिनीने डोळे मिचकावले. समोर सून, अंगावर नुसते तुटके दोरे. शेजारी विहीण, नाक लाल. नलिनीने जिभेवरचा दाणा सावकाश फिरवला.

"काटा छान आलाय हो सुगंधाबाई," ती म्हणाली.

सुगंधाबाई हसायला लागल्या की रडायला, ते कुणाला सांगता आलं नाही. तेवढ्यात माणिक दोन किलोचा साखरेचा डबा कवटाळून धापा टाकत दारात आली. तिला वाटलं आपलाच उशीर झाला, म्हणून तिने भोकाडच पसरलं!

फोटो शेवटी निघाला. सुनेच्या कमरेला मोडक्या आकड्याचा कमरपट्टा, सेफ्टीपिनने लावलेला, आणि दागिना एकही नाही. सगळ्या साखरेतून फक्त मुकुट वाचला होता. तो ऋतिकाने उचलून नलिनीच्या डोक्यावर ठेवला. "तुम्ही घाला आई. आणि खाऊ नका आता, जेवायचंय आपल्याला." चौतीस वर्षांनी नलिनीच्या अंगावर हलव्याचा दागिना चढला. कडेला थोडा कुरतडलेला. ओढाताणीत तिनेच कुरतडला होता.

पुढे सगळ्यांचं ठीक झालं. काशीरामराव तेव्हापासून प्रत्येक खिशात साखरेच्या पुड्या ठेवतात आणि मुंग्यांना कंटाळलेत. सुगंधाबाई दरवर्षी दोन सेट करतात, एक घालायचा, एक विहिणीचा. ऋतिका नलिनीच्या पर्समधली डबी दर रविवारी तपासते, आधी एक गोळी स्वतः खाऊन. सोनूबाई दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात गेल्या, झोपेतच. त्यांची काठी त्यांच्या लेकाने, अनिरुद्धने, नलिनीने मागितल्यावर तिला दिली. दाराशी उभी असते. माणिक अजून विचारते, "त्या दिवशी लिफ्ट कुणी अडवली होती?"

आणि पोट? डॉक्टर मानसीच्या म्हणण्याप्रमाणे नलिनी आता सावकाश चालते, वेळेवर जेवते. पोट कधी अर्धा इंच आत जातं, दिवाळीला बाहेर येतं. कमरपट्टा भांडुपच्या सोनाराकडून नीट करून आणला, तेव्हा त्याला तीन कड्या जास्तीच्या घालून घेतल्या. ऋतिकाची कंबर सत्तावीस इंच. नलिनी मात्र विचारेल तिला सांगते, कड्या सुनेसाठी वाढवल्या म्हणून.