हळदीकुंकवाला गेलेला ट्रान्सीव्हर

डॉ. गिरीश डबीर यांचा एक ठाम समज होता. जे यंत्र पीपपीप करतं, ते आपल्याला कळतं. समज अगदीच निराधार नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी इंग्लंडातल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देण्याचं काम केलं होतं, आणि भूलतज्ज्ञाचं अर्धं आयुष्य मॉनिटरच्या पीपपीपीकडे कान लावण्यात जातं. निवृत्त होऊन वॉटफर्डच्या घरी बसल्यावर हा कान घरकामाला आला. स्मोक अलार्म वाजला की बायको अलका खिडक्या उघडायला धावायची आणि गिरीश खुर्चीतूनच निदान करायचे, की पोळी करपलेली नाही, बॅटरी उतरलीय. निदान बहुतेकदा चुकायचं, पण आत्मविश्वासाला धक्का लागत नसे.

म्हणून त्या जानेवारीत लेकीच्या नावाने पार्सल आलं आणि त्याच्या खोक्यावर बॅटरीचं चित्र दिसलं, तेव्हा त्यांचे हात शिवशिवले.

लेक म्हणजे आश्लेषा. वय एकोणतीस, जन्म इथलाच, नोकरी स्लाऊच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिच्या फ्लॅटच्या लॉबीतून पार्सलं गायब होतात म्हणून ती आईबाबांचा पत्ता द्यायची. एरवी गिरीशने पार्सलाला हात लावला नसता. पण या पार्सलामागे तीन महिन्यांचं दुखणं होतं. दिवाळीत फराळाच्या टेबलावर आश्लेषाने सहज सांगितलं होतं, की फेब्रुवारीत ती मैत्रिणीबरोबर, तनिषाबरोबर, स्कॉटलंडला केर्नगॉर्म्समध्ये जाणार आहे. पायाला स्की बांधून आधी डोंगर चढायचा आणि मग उतरायचा. गिरीश नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण बर्फाखाली गाडली जाण्यासाठी तुला वाढवलं का, असंही बोलून गेले. तिने शांतपणे ताटली खाली ठेवली.

"बाबा, मी तुम्हाला विचारत नाही. मी सांगते."

त्यानंतर फोन यायचे, पण बाबांच्या वाट्याला फक्त हवामान. पाऊस आहे का, थंडी आहे का, बरं, आईला द्या.

तेव्हा पार्सल उघडलं ते चौकसपणाने नव्हे, काळजीने, असं गिरीशने अलकाला सांगितलं. अलकाने ते ऐकून घेतलं, एवढंच.

आत दोन ट्रान्सीव्हर होते, एक आश्लेषाचा, एक तनिषाचा. साबणाच्या डबीएवढं, नारिंगी रंगाचं यंत्र. बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाने ते अंगावर बांधायचं आणि चालू ठेवायचं. ते सतत सिग्नल पाठवत राहतं. बर्फाचा कडा कोसळून कुणी गाडलं गेलं, तर बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधायच्या खटक्यावर न्यायचं. मग पडद्यावर बाण उमटतो, दिशा दाखवतो, आणि खाली आकडा येतो, की माणूस अंदाजे किती मीटरवर आहे. आकडा कमी होत गेला म्हणजे आपण जवळ चाललो.

गिरीशने माहितीपुस्तक तीनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, साध्या अल्कलाइन बॅटऱ्या घातल्या. पट्टा खांद्यावरून तिरका घ्यायचा होता. त्यांनी तो जानव्यासारखा घेतला, मग चित्र पाहून बाजू बदलली. एका पानापाशी मात्र ते बराच वेळ थांबले. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने घसरते, असं तिथे लिहिलं होतं. अशा घसरणाऱ्या रेषा त्यांनी ऑपरेशन थिएटरात पाहिल्या होत्या.

त्यांनी बेत ठरवला. रविवारी आश्लेषा जेवायला येणार होती. तोवर यंत्र पुरतं आत्मसात करायचं आणि तिला करून दाखवायचं. भांडण न काढता, माफीबिफी न मागता, यंत्राच्या आडून बोलणं सुरू होईल. फक्त एक तालीम हवी होती.

रविवारी सकाळी अलकाला तालमीसाठी अजिबात वेळ नव्हता. दोन गल्ल्या पलीकडच्या चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि वाणाच्या साठ पिशव्या डबीरांच्याच पॅसेजमध्ये रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीत तिळगुळाचं पाकीट, एक स्टीलची डबी, आणि वरून लाल रिबीन. गिरीश यंत्र घेऊन समोर उभे राहिले. हे चालू आहे, घरात कुठेही लपव, मी बागेतल्या शेडमध्ये जाऊन दहा मिनिटं थांबतो, मग येऊन शोधतो, असं म्हणाले. अलकाने साडीच्या निऱ्या धरल्याधरल्या हो म्हटलं. ते गेल्यावर तिने एका पिशवीची रिबीन सोडली, यंत्र तिळगुळाखाली सरकवलं आणि रिबीन पुन्हा बांधली. नवऱ्याला डायबेटिस असल्यामुळे त्या पिशव्यांकडे बघायचीही बंदी होती. तिथे ते शेवटी बघतील, असा तिचा हिशेब.

हिशेब ठीक होता, पण चौथ्या मिनिटाला तिची मैत्रीण शशी गाडी घेऊन हजर झाली. हॉलवर बायका जमायलाही लागल्यात, केटररचा फोन लागत नाही, चल लवकर. दोघींनी भराभर पिशव्या डिकीत भरल्या. केटररच्या नावाने जीव टांगणीला लागलेल्या अलकाच्या डोक्यातून नारिंगी यंत्र साफ उतरलं.

गिरीश शेडमध्ये प्रामाणिकपणे दहा मिनिटं बसले. मग त्यांनी दुसरं यंत्र शोधायला लावलं आणि घरात शिरले. पडद्यावर ना बाण, ना आकडा. वरचा मजला झाला, माळा झाला, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून झालं. पंचवीस मिनिटांनी त्यांचं लक्ष रिकाम्या पॅसेजकडे गेलं. अलकाला फोन केला. तो तिच्या पर्समध्ये मुका होऊन पडला होता.

त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजता आश्लेषा येणार. न विचारता उघडलेलं पार्सल, त्यातलं एक यंत्र हरवलेलं. आधी निदान हवामान तरी होतं, आता तेही उरणार नव्हतं. थर्मल बनियन, त्यावर पट्ट्याने बांधलेलं यंत्र, त्यावर ड्रेसिंग गाऊन आणि पायात बागेतले रबरी बूट, अशा अवतारात ते हॉलकडे निघाले.

हॉलच्या दाराशी यंत्र जागं झालं. बाण आला, एकतीस आला. गिरीशच्या जिवात जीव आला. पुस्तकात लिहिलं होतं की सिग्नल सरळ रेषेत नेत नाही, कमानीसारखा वळसा घालून नेतो, तेव्हा बाणावर भरवसा ठेवून चाला. त्यांनी ठेवला. आत साठेक बायका नटूनथटून बसलेल्या. त्यांच्या खुर्च्यांमधून, समोशांच्या टेबलाला वळसा घालून, अत्तरदाणी धरलेल्या मुलीच्या मागून, पडद्यावरून नजर न काढता गिरीश चालत राहिले. पिशव्या वाटून झाल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात किंवा मांडीवर एकेक.

मग आकडे वेड्यासारखे उड्या मारू लागले. अकरा, सत्तावीस, चार, एकोणीस. गिरीशच्या लगेच लक्षात आलं, की मोबाईल जवळ असले की सिग्नल बिघडतो, आणि इथे साठ मोबाईल आहेत. त्यांनी थिएटरातला आवाज काढला. सगळ्यांनी फोन बंद करा आणि जागेवरून हलू नका, म्हणाले. आणि यंत्र जमिनीलगत धरायचं म्हणून गुडघ्यांवर बसले.

ड्रेसिंग गाऊनमधला डॉक्टर हातात पीपपीप करणारी डबी घेऊन भिंतीच्या कडेने रांगतोय आणि फोन बंद करायला सांगतोय, याचा शशीने एकच अर्थ काढला. गॅस गळतोय. तिने आरडाओरडा केला नाही. कौन्सिलने दारावर लावलेल्या सूचनेप्रमाणे तिने सगळ्यांना शिस्तीत मागच्या कार पार्कमध्ये काढलं. बायकांनी पदर सावरले, वाण उचललं आणि निघाल्या. गिरीशच्या लेखी पेशंट साठ दिशांना चालू लागला.

बाहेर थंडीत अलकाने त्यांना गाठलं. तिने आधी गाऊनकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि तिचा हात हळूच तोंडाकडे गेला.

"अहो, ते एका पिशवीत आहे."

"कुठल्या?"

"लाल रिबिनीच्या."

सगळ्यांनी पिशव्या उघडून बघा, असं कुणीतरी सुचवलं. शशीने साफ नकार दिला. त्या रिबिनी बांधायला ती दोन संध्याकाळी बसली होती. आणि गिरीशलाही ते कमीपणाचं वाटलं. उघडायची गरज नाही, म्हणाले, हे यंत्र त्यासाठीच आहे. डोंगरावर निघण्यापूर्वी प्रत्येकाचं यंत्र चालू आहे ना हे तपासतात. एकजण उभा राहतो आणि बाकीचे एकामागून एक त्याच्यासमोरून जातात. तसंच करू.

अशा रीतीने वॉटफर्डच्या एका चर्चमागे पैठण्या नेसलेल्या बायकांची रांग लागली, आणि एकेक जण गिरीशसमोरून पिशवी पुढे धरून जाऊ लागली. काहींनी जाताजाता तिळगूळ घ्या, गोड बोला असंही म्हटलं. पंधरावीस जणी झाल्या असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, रांगेतलं अंतर खूप कमी आहे."

आश्लेषा होती. घरी येऊन तिने उघडं दार, फोडलेलं खोकं आणि पेन्सिलीच्या खुणांचं पुस्तक पाहिलं होतं, आणि आईला शोधत इथवर आली होती. गिरीशने गाऊन सावरला.

ती रांगेकडे बघत होती. "दोघींच्यामध्ये पाच मीटर पाहिजे. नाहीतर कोणाचा सिग्नल आहे ते कळणार नाही."

मग तिनेच मावश्यांना मागेपुढे सरकवलं. तपासणी पुन्हा सुरू झाली. शेवटची बाई गेली तरी आकडा वीसच्या खाली आला नाही. आश्लेषाने बाबांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावलं. बाण हॉलकडे दाखवत होता. यंत्र तिचं होतं, तिने मागितलं असतं तर त्यांनी मुकाट दिलं असतं. तिने मागितलं नाही. तुम्ही पुढे व्हा, मी मागे आहे, एवढंच म्हणाली.

रिकाम्या हॉलमध्ये यमुनाबाई काळे एकट्याच बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त सुईण. वॉटफर्डमधली निम्मी मराठी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, आश्लेषासुद्धा. गॅससाठी उठायचं की नाही याचा त्यांनी विचार केला होता आणि गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं. गिरीश जमिनीलगत यंत्र धरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असं रीतसर करत त्यांच्या खुर्चीशी पोचले. दोन. एक. शून्य पूर्णांक चार. त्यांनी वर पाहिलं. नारिंगी यंत्र यमुनाबाईंच्या गळ्यात होतं, मोत्याच्या सरीशेजारी, लाल रिबिनीत ओवलेलं.

"यंदाचं वाण छान आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा समर तीन वर्षं मागे लागलाय, आई, पडलीस तर दाबायचं बटण गळ्यात घाल म्हणून. मी ऐकलं नाही. पण वाणाला नाही कसं म्हणायचं? हे दाबलं की कोण येतं रे?"

आश्लेषा बाबांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"आजी, हे दाबलं म्हणून लांबून कोणी येत नाही. जे आपल्याबरोबर असतात ना, तेच शोधतात. म्हणून कोणाबरोबर जायचं ते नीट ठरवायचं."

ती यमुनाबाईंशी बोलत होती, पण गिरीशने ते आपल्याला सांगितल्यासारखं ऐकलं.

यमुनाबाईंनी थोडा विचार केला आणि मान्य केलं, की मग ते त्यांच्या कामाचं नाही, कारण त्या दिवसभर एकट्याच असतात. त्यांनी ते गळ्यातून काढून आश्लेषाच्या हातात ठेवलं. वाण परत घेतल्याचं मागोमाग आलेल्या अलकाला इतकं लागलं, की तिने आपल्या वाट्याची पिशवी त्यांना दिली. शिवाय पुढच्या रविवारपासून जेवायला घेऊन जायला येते, असं त्यांना विचारलं नाही, सांगून टाकलं.

बापलेक चालत घरी निघाले. गिरीश म्हणाले, सापडायला मला एक तास दहा मिनिटं लागली. त्यात पंचवीस मिनिटं तर मी घरातच शोधत होतो. आश्लेषा म्हणाली, ते प्रेत हळदीकुंकवाला गेलं होतं, म्हणून ते मोजायचं नाही. ते हसले नाहीत. कोपऱ्यावर पोस्टाच्या पेटीपाशी थांबले.

"थिएटरात काही बिघडलं तर मी पेशंटच्या डोक्याशी असायचो. तिथे मी नसणार. मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं गं दिवाळीत."

आश्लेषाने त्यांच्या गाऊनचा सुटलेला बंद बांधला. ती म्हणाली, की तिलाही भीती वाटते, म्हणून तर हे विकत घेतलंय. आणि बाबांनी ओरडण्याऐवजी काय काय घेऊन जातेस, असं एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं. मग गिरीशने विचारलं. जेवण होईपर्यंत ती सांगत होती, फावडं, बर्फात खुपसायची लांब काठी, तनिषाने केलेला कोर्स. दुपारी बागेतल्या पानांच्या ढिगाऱ्यात तिने यंत्र लपवलं आणि गिरीशने ते पावणेचार मिनिटांत काढलं. त्यांनी वेळ दोनदा विचारून घेतली.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी गिरीश सकाळपासून फोनशेजारी बसून होते. वर्तमानपत्राचं एकच पान तीन तास उघडं होतं. अलका समोरच भाजी चिरत होती. साडेअकराला फोन वाजला. आश्लेषा सांगत होती, की बर्फाचा अंदाज वाईट निघाला, ग्रुपच्या लीडरने पार्किंगमधूनच सगळ्यांना परत फिरवलं, आणि आता त्या दोघी गावातल्या कॅफेत सूप पीत बसल्यात.

गिरीशने डोळे मिटले. देवाचे आभार मानायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"अरेरे. मग आता परत कधी जाताय?"

अलकाने भाजी चिरणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा?" आश्लेषाने विचारलं. "आता काय म्हणालात?"

गिरीशने घाईघाईने विचारलं, तिथे थंडी आहे का, आणि उत्तराची वाट न बघता फोन अलकाच्या हातात दिला.