भावसिंग नाईकांच्या मोटारीचा रंग

बॉनेटवरचा पहिला ओरखडा दिसला, तेव्हा भावसिंग नाईक तोंडात कडुनिंबाची काडी धरून अंगणात उभे होते. काडी तोंडातच राहिली. बाटलीच्या काचेसारखा तो हिरवागार रंग. त्यात रोज सकाळी त्यांना आपली मिशी दिसायची. आज मिशीच्या आरपार एक पांढरी रेघ गेली होती. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. रेघ धुळीची नव्हती. वाकून पाहिलं तर दारांवर, मडगार्डवर, सगळीकडे बारीक रेघाच रेघा.

नेरच्या रस्त्यावरच्या त्या बंजारा तांड्यात मोटार घेणारे भावसिंग पहिलेच. मोटार आल्यापासून तांड्यात कोणी कोणाला ‘कुठं चालला’ असं विचारत नसे. सगळे मोटार पाहायलाच चाललेले असत.

भावसिंगांनी मेहुण्याला हाक मारली. रामलालला मोटार चालवता येत नव्हती, पण तिच्याबद्दल बोलता मात्र भरपूर येत होतं. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली.

“जीजा, परवा एजन्सीत धुतली ना मोटार?”

“धुतली. त्याईनं फुकटात धुऊन देली.”

“तेच तं! फुकटात कोनी नीट धुते का? काथ्यानं घासली असन. वरून सोडा टाकला असन. धोब्यानं माया कोटाचं असंच केलतं.”

भावसिंगांनी फेटा बांधला आणि दोघं यवतमाळला एजन्सीच्या दारात जाऊन उभे राहिले.

एजन्सीचे मॅनेजर पांढरीपांडे फार सभ्य गृहस्थ. गिऱ्हाइकाचा आवाज चढला की ते खुर्ची पुढे करत, आणखी चढला की चहा मागवत. भावसिंगांना दोन्ही एकदमच मिळालं.

“नाईकसाहेब, आमच्या धुण्यानं रंग जात असता तर यवतमाळच्या साऱ्या मोटारी आतापर्यंत पांढऱ्या झाल्या असत्या.”

“बाकीच्याईचं मले कायले सांगता? माया डोळ्यासमोर धुवा.”

मोटार उतरत्या फरशीवर चढली. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ दिली. मग धुणाऱ्याने हातातलं कडं काढून खिशात ठेवलं आणि मऊ फडकं साबणात बुडवून टपापासून खाली असा हात फिरवायला घेतला. रामलालचा संशय फिटेना. त्याने बादलीत बोट बुडवून चाखून पाहिलं.

“सोडा नाई,” तो तोंड वाकडं करून म्हणाला, आणि चूळ भरायला नळाकडे गेला.

शेवटी मेण लावून पुसल्यावर रेघा पार नाहीशा झाल्या. भावसिंग खूश झाले. “असं तं मी माया पोराईलेबी कधी धुतलं नाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी पांढरीपांडेंचा हात हातात घेऊन चांगला हलवला.

आठवडा गेला आणि रेघा परत आल्या. या वेळी पहिल्यापेक्षा जास्त.

“आता?” भावसिंगांनी विचारलं.

“पान्यात काहीतरी असते, जीजा. त्याच दिवशी नाई दिसत. गोवर कसा मागून उठते, तसं उठते थे.”

हे रामलालने नुसतं घरात सांगितलं असतं तर निभावलं असतं. त्याने ते नेरच्या बाजारात सांगितलं. तिथे एका जिनिंगवाल्याने ऐकलं आणि आपली मोटार एजन्सीतून न धुता परत आणली. त्याचं पाहून डॉक्टरांनी आणली. मग एका वकिलांनी तर धुतलेली मोटार ‘पुन्हा होती तशी करून द्या’ असा हट्ट धरला. एजन्सीच्या नागपूरच्या मालकांनी पांढरीपांडेंना निरोप धाडला: यवतमाळच्या पाण्यात काय आहे, ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरा मॅनेजर पाहतो.

पांढरीपांडे दुसऱ्याच दिवशी एस्टीने तांड्यावर आले.

भावसिंगांचं भांडण रंगाशी होतं, माणसाशी नव्हतं. त्यांनी चिंचेखाली खाट टाकली, वर गोधडी अंथरली. “बसा, साहेब. तुमीच पाहा, आमी काई करतो का मोटारीले. आमी तं हातबी लावत नाई!”

पांढरीपांडे बसले आणि पाहू लागले.

शेतावर निघालेल्या दोन बायका मोटारीपाशी थांबल्या. बॉनेटमध्ये स्वतःला पाहून हसल्या. चेहऱ्यावर धूळ दिसली, ती बॉनेटवरची होती. एकीने ओढणीच्या पदराने ती पुसून टाकली. पदराला काठोकाठ आरसे शिवलेले, खाली कवड्या, त्याखाली धातूचे घुंगरू. पांढरीपांडेंच्या अंगावर काटा आला. मग तिघी पाणी घेऊन आल्या. घागरी खाली ठेवून त्या दाराला टेकल्या. फेटिया म्हणतात त्या घेरदार घागऱ्यांवरच्या आरशांतला सूर्य सगळ्या अंगणभर नाचला. एकीने कोपराच्या वरपर्यंत चढवलेल्या बांगड्यांचा हात खिडकीत घालून आतली गादी दाबून पाहिली. एक म्हातारा आला, त्याने मडगार्डावर दोनदा काठी आपटून ‘पक्की हाय’ असा निर्वाळा दिला. आणि घरातून भावसिंगांची बायको चंदाबाई आली. तिने जुन्या कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या, तुकड्याने सबंध मोटार मायेने चोळून काढली. तुकड्यावर भरतकाम इतकं दाट होतं की त्याखालचं कापड दिसत नव्हतं.

“नाईकसाहेब,” पांढरीपांडे हळूच म्हणाले, “तुमच्या मोटारीचा रंग आमच्या पाण्यानं जाऊन नाही राहिला. लोकांच्या कौतुकानं जाऊन राहिला आहे.”

भावसिंगांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे. मग एकदम सगळंच त्यांच्या ध्यानात आलं.

“कोणाला हात लावू देऊ नका, एवढंच करा,” पांढरीपांडे म्हणाले. “स्पष्ट सांगून टाका.”

“सांगतो. आत्ताच सांगतो.”

भावसिंग ताडकन उठले आणि मोटारीपाशी गेले. तिथे त्यांची लालीबाई काकी उभी होती. काकीचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेला. आईच्या कडेवरून तिनेही पुष्कळ वाटा पाहिलेल्या. ती बॉनेटवर, दोन दिव्यांच्या मधोमध, बैलाचं कपाळ खाजवावं तशी हात फिरवत होती. तिच्या बोटांतल्या जाड अंगठ्या रंगावरून कर्र कर्र वाजत होत्या.

“भावसिंग,” ती म्हणाली, “माया बापानं हे पाह्यलं पायजे होतं रे. त्याच्या बैलाईच्या पाठीवर दर सालाले गोणीचा घट्टा पडे.”

भावसिंगांनी तोंड उघडलं. पांढरीपांडे खाटेवरून मान हलवून त्यांना धीर देत होते.

“काकी,” भावसिंग म्हणाले, “डाव्या बाजूनंबी फिरव न हात. तिकडं काहून नाई फिरवला?”

ते परत येऊन खाटेवर बसले. “नाई जमलं, साहेब,” म्हणाले. “ओरखडे परवडले.”

पांढरीपांडेंनाही ते पटलं होतं, पण मॅनेजरला तसं म्हणता येत नाही. भावसिंगांनी मात्र त्याच दिवशी रामलालला सोबत घेऊन नेरच्या बाजारात मोठ्या आवाजात जाहीर केलं की एजन्सीचं धुणं बिनधोक आहे. रामलालनेही मान्य केलं. साबण आपण स्वतः चाखला आहे, हे त्याने चार वेळा सांगितलं. जिनिंगवाल्याची आणि डॉक्टरांची मोटार पुन्हा धुवायला गेली.

खाटेवरचं ते बोलणं चंदाबाईने दाराआडून ऐकलं होतं. तिने तांड्यातल्या बायका जमवल्या आणि मोटारीसाठी झूल शिवायला घेतली. आतून जुन्या धोतरांचं मऊसूत अस्तर. बाहेरून लाल, पिवळा, निळा, आणि आरसे एवढे की मोजायला बसणारा येडा व्हावा. जिला मोटारीचं जेवढं कौतुक, तिचे टाके तेवढे दाट. लालीबाईचा तुकडा दोन दिव्यांच्या मधोमध आला. आता कोणी कितीही हात फिरवावा, टेकावं, पुसावं. रंगाला धक्का नव्हता.

पुढच्या वेळी मोटार झुलीसकट एजन्सीत गेली. कामगारांनी झूल उतरवली आणि सगळे झुलीभोवतीच उभे राहिले. धुवायची मोटार तशीच कोरडी पडून होती. नेमके नागपूरचे मालक आलेले. त्यांनी झुलीचा एकेक कोपरा उचलून पाहिला.

“पांढरीपांडे, आमच्या गाडीला अशी मिळेल का?”

तेव्हा पांढरीपांडे पुन्हा तांड्यावर आले. पण या वेळी मालकांची मोतिया रंगाची, आरशासारखी झगझगीत मोटार स्वतः चालवत. चंदाबाई माप घ्यायला दोरी घेऊन निघाली, तशा मागोमाग पाचपंचवीस जणी. हिरव्या मोटारीची त्यांना आता सवय झाली होती. ही मोतिया होती! वाऱ्याने उडावी तशी सगळी झुंबड तिच्यावर जाऊन पडली. पदर निघाले, बांगड्या वाजल्या, लालीबाई काकी अंगठ्यांचा हात पुढे करून थेट बॉनेटकडे निघाली.

पांढरीपांडे खाटेवरून अर्धे उठले.

“सांगू का त्याईले?” भावसिंगांनी विचारलं.

काकीचा हात बॉनेटवर टेकला. तिने डोळे मिटले. पांढरीपांडे तसेच अर्धे उभे राहून पाहत राहिले. मग सावकाश खाली बसले, मोटारीकडे पाठ केली आणि चहाचा रिकामा कप पुढे केला.

“राहू द्या, नाईकसाहेब,” ते म्हणाले. “मेण आहे एजन्सीत.”