धोंडूअण्णांचा स्पेनमधला प्लॉट

मांडी घालून बसा. चुळबुळ बंद. मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत.

एका जंगलात धोंडूअण्णा कासव आणि त्यांची बायको चंपाक्का राहत होती. दोघांचीही घरं स्वतःची होती. पाठीवर. हप्ता नाही, गळती नाही.

पण चंपाक्काला एक दुःख होतं. लग्नाला साठ वर्षं झाली, तरी दोघं एका छपराखाली एकदाही राहिली नव्हती. पाऊस आला की अण्णा त्यांच्या घरात, अक्का तिच्या.

"अहो, दोघं मावू एवढं एक घर करू या," ती म्हणाली. "करवंदीच्या जाळीखाली जागा आहे. दोन दिवसांत उकरून होईल."

"जाळीखाली?" अण्णा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात धोबी पक्षी आला. तो दर हिवाळ्यात परदेशातून येतो आणि त्याच्या गळ्यात काळा टाय असतो. त्यामुळे जंगलात त्याचं सगळं खरं मानायची पद्धत आहे.

"स्पेनमधल्या एका प्रांतात निवासी प्लॉट आहे," धोबी म्हणाला. "तिथून समुद्र दिसतो. उडल्यावर."

प्रांताचं नाव अण्णांना उच्चारता येईना. म्हणजे जागा भारीच असणार! तळ्याकाठच्या उन्हातल्या दगडावर दोघं रोज शेजारी बसत. तो दगड अण्णांनी धोब्याला देऊन टाकला आणि व्यवहार झाला.

"आधी बघून तरी या," अक्का म्हणाली.

"बघायचं काय त्यात? भूमिपूजन करू."

ते इथंच झालं. धोब्यानं चोचीतून चिमूटभर स्पेनची माती आणली. साळिंदरगुरुजींनी तिला हळदकुंकू वाहिलं. नारळाच्या पाण्यात ती माती वाहून गेली, तेव्हा भूमी प्रसन्न झाल्याचं गुरुजींनी सांगितलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता पूजाच झाली म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?

दोघं निघाली. बावीस वर्षं चालली. समुद्र आला तिथं पोहली. अक्काचे पाय भरून यायचे, पण छप्पर एक होणार म्हणून ती एका शब्दानं कुरकुरली नाही. मला तिची फार दया येते.

प्लॉट खराच होता, बरं का. तुम्ही फसवणुकीची वाट बघत होतात, ते दिसतंय मला.

तिथल्या कचेरीत एक गाढवसाहेब होते. त्यांनी नियम वाचला. "एका प्लॉटवर एकच घर. तुमची तर आत्ताच दोन आहेत."

"अहो, ही आमची पाठ आहे!"

"छप्पर आहे ना? मग घर आहे. एक बाहेर काढा."

अण्णांनी खूप विचार केला. मग अक्काला प्लॉटवर ठेवलं आणि स्वतःसाठी शेजारचा प्लॉट घेतला. मध्ये नियमाप्रमाणे कुंपण घातलं.

जंगलात बातमी पोचली. धोंडूअण्णांचे स्पेनमध्ये दोन प्लॉट! पुन्हा पेढे वाटले गेले.

"अहो, जवळ या ना," कुंपणापलीकडून चंपाक्का म्हणाली.

"परवानगी लागते. अर्ज टाकलाय," अण्णा म्हणाले. "साहेब म्हणाले, शंभर वर्षांत उत्तर येईल."

कासव असूनही अक्काला पहिल्यांदाच आयुष्य अपुरं वाटलं.

तात्पर्य : बायकोला काय हवंय ते सावकाश कळलं तरी चालतं. प्लॉट मात्र आजच बुक करावा, भाव वाढताहेत.