बस्त्यावभावजींची पंगत

देवबागेत आमच्या आणि बस्त्यावभावजींच्या घरामध्ये कमरेएवढा दगडांचा गडगा आहे. भावजींना सर्दी झाली की त्या गडग्यावरून किरायत्याच्या काढ्याचे दोन पेले येतात, एक मला आणि एक आमच्या ह्यांना. आम्हांला काही झालेलं नसतं. पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी असं त्यांच्या बायबलात सांगितलंय. आता स्वतः काढा प्यायचा आणि शेजाऱ्यांना कोरडं ठेवायचं, हे भावजींच्या मनाला पटत नाही. "घेवा, वैनी. लिवलेला ता लिवलेला," म्हणतात आणि पेला रिकामा होईपर्यंत जागचे हलत नाहीत. असलं कडू प्रेम मी सासरीसुद्धा पाहिलं नाही.

रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, जन्म काढलेला हा माणूस. दोरी म्हणजे दोरी, मासा म्हणजे मासा. बायबलही ते तसंच वाचतात.

देवबाग म्हणजे एका हाताला समुद्र, एका हाताला खाडी आणि मध्ये नुसती वाळू. एका रविवारी चर्चमध्ये वाचलं गेलं की शहाणा माणूस खडकावर घर बांधतो आणि मूर्ख वाळूवर. अख्खा गाव ते ऐकून घरी गेला, जेवला आणि झोपला. भावजींना मात्र झोप येईना. त्याच आठवड्यात त्यांनी टेम्पो करून जांभ्याचा एक धोंडा आणला, स्वयंपाकघर उकरलं आणि धोंडा चुलीखाली पुरला. चर्चचे फादर तरुण, वसईकडचे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. ते समजूत घालायला आले.

"बस्त्यावकाका, ते रूपक आहे. खडक म्हणजे श्रद्धा."

"श्रद्धा आसाच, फादर. दगड नाय होतो, तो हाडलंय," भावजी म्हणाले. वर 'लिवलेला ता लिवलेला' हे ऐकवलंच.

फादर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "वहिनी, बायबलात हे वाक्य पिलाताचं आहे. ज्यानं येशूला क्रुसावर दिलं, त्याचं." मी ते भावजींच्या कानावर घातलं नाही. या वयात त्यांनी दुसरं वाक्य कुठून आणायचं?

हे सगळं सांभाळायची ती नातालिन, भावजींची बायको. माझी जिवाभावाची मैत्रीण. दोन सदरे असतील त्यानं एक द्यावा, असं वाचून भावजी एक सदरा देऊन बसले आणि उरलेला धुऊन वाळेपर्यंत उघडे फिरायला लागले. नातालिन एका शब्दानं भांडली नाही. नवा सदरा आणून तिनं माझ्या कपाटात ठेवला. "तुझ्या घरात आसा म्हणजे तेचो नाय," म्हणाली. गेल्या दिवाळीनंतर ती तापाचं निमित्त होऊन गेली. त्या घरातून भांड्यांचा आवाज येईनासा झाला, आणि मला ते अजून सोसत नाही.

दर मे महिन्यात त्यांच्या अंगणातल्या क्रुसापुढे लदीन होते. लदीन म्हणजे मारियामातेची प्रार्थना, गात गात म्हणायची. मग उकडलेले चणे वाटतात. नातालिनच्या हयातीत चण्यांवर कोणी थांबतच नसे. कोंबडी, वडे, सोलकढी, सगळी वाडी जेवायची, हिंदू काय नि ख्रिस्ती काय. नारळ खवायला मी असायचेच. यंदा मी खवणी घेऊन गडग्यापाशी गेले, तर भावजी मान खाली घालून उभे.

"वैनी, यंदा तुमका बोलावूक गावना नाय. मेजवानी घातलस तर मित्रांक, भावांक, श्रीमंत शेजाऱ्यांक बोलावू नको, असा लिवला हा. गरीब, लुळे, लंगडे, आंधळे, तेंकाच बोलावचा."

"आणि आम्ही कुठले श्रीमंत?"

"तुमच्याकडे एसी आसा."

मला असा राग आला म्हणून सांगू! लग्न होऊन आले तेव्हापासून त्या लदिनीचे नारळ मी खवले, आणि जावयानं बसवून दिलेल्या एसीपायी माझं पान उठलं. मी फादरांना गाठलं. फादरांनी परत समजावलं, "काका, आपण सगळेच कुठेतरी आंधळे, कुठेतरी लंगडे, असं घ्यायचं."

"तुमी तर चालत इलास, फादर," भावजी म्हणाले. विषय संपला.

आता लंगडे आणायचे कुठून? वाडीत एक जुजे शिंपी. लहानपणापासून एक पाय अधू, आणि भावजींचा बालमित्र. भावजी आमंत्रण द्यायला गेले तर तो मशीनवरून उठलासुद्धा नाही. "लंगडो म्हणान जेवूक येवू? मित्र म्हणान बोलव, आता येतंय." मित्र म्हणून बोलवायला बंदी. दोघंही रुसले.

लदिनीच्या संध्याकाळी सगळे आले, गायले, चणे घेतले आणि गेटाबाहेर पडले. जेवायला कोणी थांबेना. बोलावलेलं नसताना थांबायचं कसं? मी आमच्या पडवीतून बघत होते. मांडवात केळीची पानं मांडलेली, वडे तळून ठेवलेले, आणि भावजी एकटे माश्या वारत उभे. मला रडूच आलं. आणि रडू आलं की मला राग येतो.

मी रस्त्यावर गेले आणि सगळ्यांना अडवलं. म्हटलं, "इथे धडधाकट कोण आहे त्यानं खुशाल घरी जावं. माझे दोन्ही गुडघे गेलेत, मी लंगडी आहे, मी जेवायला चालले."

मग सरपंच कंबर धरून म्हणाले, "माझो मणको." आमच्या ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. एकीचा खांदा धरलेला, एकाला पायाला मुंग्या. कोकणात पन्नाशीनंतर आजारांना काय तोटा! जुजे पुढे झाला. "सरा. लंगड्यांचो पुढारी मी," म्हणाला, आणि सगळी वाडी त्याच्यामागून गेटावर येऊन थडकली. शेवटी फादर. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि सरळ मांडवाच्या खांबावर जाऊन आदळले.

"हे मात्र रूपक नाही, काका," कपाळ चोळत म्हणाले. "चष्म्याशिवाय मला खरंच दिसत नाही. मला हाताला धरून पानावर बसवा."

भावजींनी त्यांना बसवलं. मग जुजेला बसवलं, पाटाऐवजी खुर्ची दिली. मग पंगतीवर पंगत उठली. एसीवाले जेवले, गाडीवाले जेवले, वडे संपले, तसे शेजारणींनी घरून पिठं आणून परत घातले. असली लदीन देवबागेनं कधी पाहिली नव्हती.

मी सोलकढी न्यायला आत गेले, तर भावजी चुलीपाशी उभे. डोळे पुसत होते.

"धूर झाला का?" मी विचारलं.

"नाय गो वैनी. माका भय होता. लोक नातालिनच्या हाताच्या चवीक येत. ती नाय, तर माझ्या बोलावण्यार कोण येतलो? बोलावून कोण इलो नाय असता तर माका सोसला नसता. म्हणान ता वचन शोधून काढलंय."

मी सोलकढीचा टोप उचलला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून भावजींना आमंत्रणं यायला लागली. जुजेकडे रविवारी, सरपंचांकडे सोमवारी. माझ्याकडे तर त्याच दुपारी. भावजी गडग्यापाशी आले ते चेहरा पाडून.

"वैनी, घोटाळो झालो. गरिबांक कित्याक बोलावचा, तर ते उलट बोलावूक शकनत नाय. मगे देव वर फेडतलो. तुमी सगळे हंयच फेडूक लागलास. माझा वरचा सगळा जातला."

"मग नका येऊ," मी म्हटलं. "बांगड्याचं तिखलं केलंय, आम्ही दोघं संपवू."

भावजींनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं.

"जांवदे," ते म्हणाले. "वर नातालिन आसा. काय ता ती बघतली."

आणि एक पाय गडग्यावर टाकून अलीकडे आले.