आठ दिवसांचं शिळं पाणी

"टँकर मंजूर झालाच म्हणून समजा. पथकाला आमच्या गल्लीत नुसतं उभं करतो. कोरडी गल्ली बघून त्यांच्याच घशाला कोरड पडंल," असं बब्रुवानरावांनी नगरपंचायतीत सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. पाणीपुरवठा सभापती झाल्यापासून त्यांनी गावाला पाणी सोडून बाकी सगळं पुरवलं होतं. त्यामुळे टंचाई आराखड्यात नाव बसवून टँकर आणणं हा आता इभ्रतीचा सवाल होता. टँकर न्हाय तर मत न्हाय, असं मारुती गल्लीतल्या बायकांनी तोंडावर ऐकवलं होतं.

अडचण एवढीच, की जिल्ह्याचं पथक ज्या दिवशी पाहणीला येणार, नेमका त्याच दिवशी मारुती गल्लीचा नळ होता. आठवड्यातून एकदा येणारा. पथकासमोर नळ खळखळला तर टंचाई कसली? बब्रुवानरावांनी तोड काढली. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या गफारभाईंना बजावलं, की पथकाची गाडी गेल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. गाडी गेली की मिस कॉल देतो, मग सोडा. बेत इतका गुपित, की त्यांनी तो फक्त बायकोला सांगितला, तोही दार लावून. उद्या नळ उशिरा येईल, पण येईल नक्की.

शांताक्कांनी कुणाला म्हणून सांगितलं नाही. फक्त शेजारच्या फरिदाबींना सांगितलं, कारण दोघींची पाण्याची नळी एकच.

आता या गल्लीचा एक जुना नेम आहे. रांजणातलं, बॅरलमधलं पाणी आठ दिवस तुपासारखं पुरवून वापरायचं. तोवर ते अमृत. पण नळ येणार अशी पक्की खबर लागली, की तेच पाणी त्या क्षणी शिळं होतं. आणि शिळ्यावर ताजं ओतलं तर ताजंही बाटतं.

सकाळी पथकाच्या निकितामॅडम जीपमधून उतरल्या. बब्रुवानराव पुढं चालत सांगत होते, की इथल्या चिमण्यासुद्धा पाणी प्यायला दुसऱ्या तालुक्यात जातात. बोलता बोलता ते कोपऱ्यावर वळले आणि घोटाभर पाण्यात उतरले.

गल्लीचा ओढा झाला होता. नागूबाई रांजण आडवा करून, त्यात निम्म्या शिरून तो घासत होत्या. वाया कशाला घालवायचं म्हणून फरिदाबींनी दोन सतरंज्या धुऊन काढल्या होत्या. कुणाची तरी म्हैस वाटेत उभी राहून दुसऱ्यांदा अंघोळ करून घेत होती. खुद्द सभापतींच्या दारात शांताक्का बॅरल कलता करत होत्या. नवऱ्याला बघून म्हणाल्या, "सरका की जरा. बूट भिजतील."

मॅडमनी खाली बघितलं. "सभापती, हे पाणी कसलं?"

"शिळं हाय, मॅडम."

"पाणी शिळं कसं होईल?"

"आठ दिसांचं हाय न्हवं," शांताक्काच बोलल्या. "ताजं येणार म्हणल्यावर ह्याला ठिवून काय लोणचं घालायचं व्हय?"

"म्हणजे ताजं येणार आहे?"

बब्रुवानरावांनी घाईनं मध्ये तोंड घातलं. येणार-बिणार काही नाही, बायका भाबड्या आहेत, पुरावा पाहिजे तर बॅरल बघा. बॅरल खरोखरच ठणठणीत रिकामे होते. मॅडमनी एकात वाकूनही बघितलं, पण त्यांचं लक्ष नळाकडं जायला लागलं. आज नळ सोडूच नका, असं सांगायला बाजूला होऊन बब्रुवानरावांनी गफारभाईंना फोन लावला.

गफारभाई टाकीखाली चावीला हात घालून केव्हाचे तयार उभे होते. फोन वाजला. त्यांनी इमानानं कट केला आणि चाक गरागरा फिरवलं. फोन परत वाजला. सायबाला लई घाई दिसते, असं म्हणून त्यांनी राहिलेले आटेही सोडले.

मारुती गल्लीत नळाला तोटी बसवायची पद्धत नाही. आठ दिवसांनी येणाऱ्याला दारात अडवायचं कशाला? आधी सगळ्या नळांनी फुस्स करून वारा सोडला आणि मग अशा धारा उसळल्या, की मॅडम पाठीमागून चिंब झाल्या. गल्ली कळश्या-घागरी घेऊन धावली. शांताक्कांनी एक घागर सरळ मॅडमच्या हातात दिली. "धरा जरा, मॅडम. म्या दुसरी आणते."

मॅडमनी धरली. भरली. दुसरीही भरली.

बब्रुवानराव समोर उभं राहून पाऊसमान किती कमी झालंय ते सांगतच होते. जीपमध्ये बसताना मॅडम पदर पिळत म्हणाल्या, "प्रेशर चांगलं आहे हो तुमच्याकडं."

पुढच्या सोमवारी, नेमका नळाच्याच दिवशी, गल्लीत टँकर आला. बब्रुवानरावांनी त्याला हार घातला आणि नारळ फोडला. ड्रायव्हरनं कागद दाखवला. टँकर शेजारच्या तामलवाडी गावाला मंजूर झाला होता आणि भरायचं ठिकाण मारुती गल्ली होतं. त्यानं टँकर भरून घेतला आणि तो गेला.