पुरात शेरवानी

लेकीचा साखरपुडा तोंडावर आला असताना बद्रीनाथनं केदारखेड्याच्या पारावर आपली मिशी पैजेला लावली.

"पूर्णा दुथडी चालून राह्यली. पेशकारसाहेब शेरवानी काढूनच काहिलीत बसतील. जीव कोणाला जड झाला?"

"बुडतील, पन बटन न्हाई सोडायचे," शेजारचा मच्छिंद्र म्हणाला. "पल्याड जाईस्तोवर अंगातून शेरवानी निघाली तर मही अर्धी मिशी, न्हाई तर तुही. भर बाजारात!"

गावात नाव नव्हती; गूळ कढवायची काहीलच पाण्यात लोटत. बसणारा लंगोट लावी अन् कमरेला वाळका भोपळा बांधी. सरकारी माणसाचा पोशाख मात्र दरबारानं ठरवून दिला होता. उन्हाळ्यात शेरवानी, हिवाळ्यात शेरवानी, पुरात शेरवानी आणि सावधगिरी. बूट, कमरपट्टा, तुर्की टोपी बारमाही.

तहसीलदाराच्या हाताखालचे पेशकार श्रीपतराव गळ्यापर्यंत बटनं लावूनच काठावर आले. बद्रीनाथनं काकुळतीनं भोपळा पुढं केला.

"हुजूर, एवढा तरी बांधा."

"शेरवानीवर भोपळा? दरबारची बेअदबी!"

"मंग आतून बांधा."

आतून बांधला तर बटनं लागेनात. शेवटी तो दफ्तराच्या गाठोड्याला बांधला. सरकारी कागद बुडून कसं चालेल?

मध्यधारेत काहील कलंडली. दफ्तर ऐटीत तरंगलं. साहेबांनी गटांगळ्या खाल्ल्या, मग बूट, पट्टा, शेरवानी सगळं फेडलं आणि हातपाय मारत गावच्याच काठाला परत लागले.

"काढली! काढली!" बद्रीनाथ नाचला.

गाव मात्र शेरवानीमागं धावलं. "साहेब वाहून चालले, धरा!" लोकांनी ती ओढून काढली, अदबीनं पिळली, मुजरा केला. उघडा कुडकुडणारा माणूस जवळ आला, तसा काठावर थांबलेल्या साहेबांच्या शिपायानं त्याला ढकललं. "चल हट, साहेबाला वारा लागू दे!"

त्या माणसानं शेरवानी हिसकावून अंगात घातली, बटनं लावली. शिपायानं सलाम ठोकला.

"आम्ही शेरवानी काढली, असं कोण म्हणतो?"

"कोणीच न्हाई, हुजूर! बिलकुल न्हाई!" अख्खा काठ म्हणाला.

बद्रीनाथनं काहील वल्हवणाऱ्याला धरलं. "रखमाजी, तू तर बाजूलाच व्हतास!"

"मह्या डोळ्यात पानी गेल्तं, बापू."

बाजारच्या दिवशी न्हाव्यानं बद्रीनाथची अर्धी मिशी उतरवली. समोर व्याही उभे. सारा बाजार खो खो हसला. तुम्हीही हसलात. हसा की, काठावर तरी तुम्ही कुठं तोंड उघडलं होतं?